ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून टीचिंगची मास्टर्स आणि ऑरेगनचं लायसन्स, कुणी केलंय का?

हिल्सबरोकर_मी

नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय तर सांभाळून घ्या.

मी पुण्याची, एमएस्सी फिजिक्स, नंतर बीएड (२००८, म्हणजे जुनं एका वर्षाचं), लग्नाआधी चार वर्षं तिकडे आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत ऑरेगनला आले, मग मुलं, मग व्हिसाची वाट बघणं, हे करता करता बारा वर्षं गेली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच दिवशी ठरवलं की परत वर्गात उभं राहायचं. मला ऑफिसात बसायचं नाहीये, कोडिंगचा कोर्स करायचा नाहीये (सगळे तेच सुचवतात), मला मुलांना शिकवायचंय.

तर मागच्या आठवड्यात इथल्या एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या एमएटीच्या, म्हणजे मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंगच्या, माहिती सत्राला गेले होते. संध्याकाळचे क्लास, छोटा ग्रुप, आणि लोक इतके आपुलकीने बोलले की बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'टीचर' समजून विचारलं असं वाटलं. पण घरी आल्यावर डोक्यात प्रश्नच प्रश्न. मी हिंदू आहे, रोज देवापुढे दिवा लावते, तिथे मला अवघडल्यासारखं होईल का? पुढे पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत नोकरी मागताना ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची डिग्री आड येते का? लायसन्स युनिव्हर्सिटी देते की सरकार? आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझं बीएड पूर्ण पाण्यात गेलं का? सासूबाई म्हणतात एकदा शिकलीस ना, परत कशाला, आणि मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गणितवाली_बाई

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझं सात वर्षांपूर्वीचं आठवलं, जवळजवळ हीच परिस्थिती. मी आता पोर्टलँडजवळ मिडल स्कूलला गणित शिकवते. एमएटी ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतूनच केलं आणि मीही हिंदूच आहे.

आधी लायसन्सचं, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. लायसन्स युनिव्हर्सिटी देत नाही. ते राज्य देतं, सेलमला टीएसपीसी म्हणून कमिशन आहे, टीचर स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस कमिशन, ते देतं. युनिव्हर्सिटीचं काम तुम्हाला तयार करणं आणि शेवटी 'हिने आमचा मान्यताप्राप्त प्रोग्राम पूर्ण केला, हिला लायसन्स द्या' अशी शिफारस पाठवणं. त्यामुळे प्रोग्राम ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा असो की सरकारी, तो टीएसपीसीने मान्य केलेला आहे का एवढंच बघायचं. असेल तर तुमच्या लायसन्सवर आणि पोर्टलँड स्टेट या सरकारी युनिव्हर्सिटीतून आलेल्या मुलीच्या लायसन्सवर काडीचा फरक नसतो. सुरुवातीला जे मिळतं त्याला प्रिलिमिनरी म्हणतात, ते तीन वर्षांचं, पुढे अनुभव आणि बाकीच्या अटी पूर्ण केल्या की प्रोफेशनल, ते पाच वर्षांचं, आणि तेही रिन्यू करत राहावं लागतं. आपल्याकडे बीएडचं सर्टिफिकेट एकदा फ्रेम करून लावलं की जन्माचं झालं, इथे तसं नाही, हे डोक्यात बसायला मला वेळ लागला.

धर्माचं विचाराल तर माझ्या क्लासमध्ये तीन-चार जण कुठलाच धर्म न मानणारे होते, एक मुस्लिम मुलगी होती. काही प्रोफेसर तास सुरू करताना दोन मिनिटं प्रार्थना करायचे. मी शांत बसायचे, मला कुणी कधी काही म्हटलं नाही. उलट एकदा 'शिकवणं हे तुम्ही कशासाठी करता' यावर निबंध होता, त्यात सगळ्यांनी बायबलमधलं लिहिलं आणि मी माझ्या आजीबद्दल लिहिलं, ती वाड्यातल्या मोलकरणींच्या मुलींना दुपारी ओट्यावर बसवून बाराखडी शिकवायची. प्रोफेसरांनी तो वर्गात वाचून दाखवायला सांगितला. दिवा लावणाऱ्या बाईला तिथे अवघडल्यासारखं होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. फक्त अर्ज भरताना प्रत्येक युनिव्हर्सिटीची अट वाचा, सगळीकडे सारखं नसतं, काही ठिकाणी विद्यार्थ्यांनाही श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते.

खरी परीक्षा धर्माची नाही हो, ती स्टुडंट टीचिंगची आहे. त्यावर रात्री निवांत लिहिते, आता चाचण्या तपासायच्यात.

तळेगावचा_दादा

एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं नंतर. एक डॉलर फी भरायच्या आधी बीएडचं आणि डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ते इथल्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे याची तपासणी, करून घ्या. कोर्स-बाय-कोर्स म्हणतात ते, नुसतं डॉक्युमेंटवालं नको. डब्ल्यूईएस किंवा तसल्या मान्य एजन्सीकडून. टीएसपीसीला परदेशी शिक्षणासाठी ते लागतंच आणि युनिव्हर्सिटीही मागणार.

माझ्या बायकोने हे उलट्या क्रमाने केलं. आधी एका प्रोग्रामला ॲडमिशन घेतली (नाव लिहीत नाही), मग इव्हॅल्युएशन आलं, आणि कळलं की तिचे गणिताचे कोर्सेस भरपूर होते, नको त्या क्लासेसचे पैसे भरून बसलो होतो आणि ते परत मिळाले नाहीत. तुमचं बीएस्सी तीन वर्षांचं असणार, नुसतं तेवढ्यावर इथे बॅचलर्स धरताना काही ठिकाणी खळखळ करतात, पण पुढे दोन वर्षांची एमएस्सी आहे म्हणजे ती अडचण बहुतेक येणार नाही. एका वर्षाच्या बीएडचं मात्र सांगता येत नाही. आपल्याकडेही एनसीटीईने (शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) २०१५ पासून ते दोन वर्षांचं केलं. बीएडमध्ये तुम्ही प्रॅक्टिस लेसन किती घेतले, इंटर्नशिप किती आठवडे, याचं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आणा, मार्कशीटवर तो तपशील नसतो. ट्रान्सक्रिप्टला पुण्याहून वेळ लागतो, आजच भावाला किंवा कुणाला तरी विद्यापीठात पाठवा.

आणि रेसिप्रोकल लायसन्स म्हणून जे ऐकाल ते आधीच दुसऱ्या राज्याचं लायसन्स असणाऱ्यांसाठी, एका वर्षाचं असतं. पुण्याच्या बीएडवर ते थेट मिळत नाही. व्हॉट्सॲपवर लोक काहीही सांगतात.

नगरकर

मी ख्रिश्चन आहे, मराठी, अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). त्यामुळे ताईंच्या 'अवघडल्यासारखं होईल का' या प्रश्नाला उत्तर द्यावंसं मनापासून वाटलं.

ख्रिश्चन युनिव्हर्सिटी हा एकच प्रकार नाही. पोर्टलँडच्या आसपासच बघा, न्यूबर्गची जॉर्ज फॉक्स ही क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी १८९१ मध्ये सुरू केलेली, युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलँड ही कॅथलिक, होली क्रॉस संघाची. दोन्हीकडे शिक्षक तयार होतात पण वातावरण वेगळं. क्वेकरांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पाद्री नसतो, लोक शांत बसतात, ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. ताई, तुम्ही देवापुढे डोळे मिटून बसता त्यापासून ते फार लांब नाही. जॉर्ज फॉक्समध्ये शिकवणारे श्रद्धेने ख्रिश्चन असणं अपेक्षित असतं, विद्यार्थ्यांना ती अट नाही.

दुसरं असं की आपल्याला हे नवीन वाटतं पण नाहीये. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं ते नगरला, फॅरारबाईंच्या संस्थेत. सिंथिया फॅरार, अमेरिकन मिशनच्या, १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. म्हणजे महाराष्ट्रातली मुलींची पहिली मराठी शिक्षिका एका अमेरिकन ख्रिस्ती बाईकडे शिकली, आणि त्यातून जे उभं राहिलं ते पूर्णपणे तिचं स्वतःचं होतं. माझी आजी नगरच्याच मिशन शाळेत बाई होती, तिच्याकडे शिकलेल्या कितीतरी हिंदू बायका पुढे झेडपीच्या शाळांत शिक्षिका झाल्या. मुंबईत चर्चगेटला सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूटमधून बीएड केलेले किती मराठी शिक्षक आहेत. ताईंनी सासूबाईंना सावित्रीबाईंचं सांगावं असं मला वाटतं.

गणितवाली_बाई

आले. नगरकर, फॅरारबाईंचं छान सांगितलंत, मला ट्रेनिंगचं माहीत होतं पण नाव लक्षात नव्हतं.

आता स्टुडंट टीचिंग. आपल्या बीएडमध्ये कसं होतं, पाठाची वही, खडू-फळा, पाठनिरीक्षक मागे बसलेले, तीस-चाळीस मिनिटांचा पाठ झाला की सुटलो. इथे तुम्हाला एका शिक्षकाच्या वर्गात टाकतात, सुरुवातीला आठवड्यातले काही दिवस बघायचं, मदत करायची, मग हळूहळू एक तास तुमचा, मग दोन, आणि मग बरेच आठवडे पूर्ण दिवस पूर्ण वर्ग तुमचा. पालकांच्या मीटिंगा, हजेरी, फायर ड्रिल, सगळं. आणि याचे पैसे मिळत नाहीत बहुतेक ठिकाणी, वर तुम्ही त्याची फी भरत असता. 'संध्याकाळचे क्लास' ऐकून नोकरी सांभाळून होईल असं वाटतं, पण त्या काळात दिवसाची नोकरी करता येत नाही. तेव्हा मुलांना शाळेतून कोण आणणार, नवरा आठवड्यातून किती दिवस घरून काम करू शकतो, हे आधी कागदावर लिहून काढा. आमच्या घरी आम्ही हे केलं नाही आणि तो हिवाळा फार वाईट गेला, धाकटीला मी संध्याकाळी जेवतानाच दिसायचे.

मला सगळ्यात नवीन काय होतं ते सांगते. आयईपी. ज्या मुलाला शिकण्यात अडचण आहे त्याच्यासाठी शाळा, पालक आणि शिक्षक बसून एक लेखी आराखडा करतात आणि तो कायद्याने पाळावाच लागतो. १९७५ पासून हा कायदा आहे. मी पुण्यात शिकवताना वर्गात एक मुलगा होता, अक्षरं उलटी लिहायचा, आणि मी त्याला 'लक्ष नाही तुझं' म्हणून बाकावर उभं केलेलं आहे. एमएटीच्या दुसऱ्या महिन्यात डिस्लेक्सियाचा धडा झाला त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. तो मुलगा आता पंचविशीचा असेल. म्हणून सासूबाईंना सांगा ताई, परत शिकायचं ते यासाठी. बीएड पाण्यात गेलेलं नाही, वर्गासमोर उभं राहायची हिंमत, आवाज, एकच उदाहरण पाच प्रकारे समजावता येणं हे सगळं तिथूनच आलंय आणि ते इथल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांकडे नसतं, पण ज्या मुलांना मी तेव्हा ओळखू शकले नाही ती ओळखायला मला इथे शिकावं लागलं.

आणि हो, पब्लिक शाळेत गेल्यावर शिक्षक म्हणून मुलांकडून प्रार्थना करून घेता येत नाही, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच शाळेने घडवून आणलेली प्रार्थना बंद केली, तेव्हा युनिव्हर्सिटीतली प्रार्थना युनिव्हर्सिटीतच राहते. आमच्या प्रोफेसर हे अगदी स्पष्ट सांगायच्या, त्या स्वतः खूप श्रद्धाळू होत्या तरी.

हिल्सबरोकर_मी

बाई, तुमचं पार्किंगमधलं वाचून मीही रडले. माझ्याही वर्गात होता असा एक.

एक विचारू का, जरा बावळट वाटेल. मी रोज टिकली लावते, मंगळसूत्र घालते. पब्लिक शाळेत शिक्षिकेला हे चालतं ना? नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की ऑरेगनमध्ये शिक्षकांना धार्मिक काही घालायला बंदी आहे.

नगरकर

बावळट अजिबात नाही, ते गृहस्थ पूर्ण चुकीचं बोलत नाहीत, फक्त जुनं सांगतायत. ऑरेगनमध्ये १९२३ पासून तसा कायदा होता खरंच, पब्लिक शाळेतल्या शिक्षकाने धार्मिक पोशाख घालून शिकवायचं नाही. तो आणला होता कॅथलिक नन्सना शाळांमधून बाहेर ठेवायला, तेव्हा इथे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचा जोर होता आणि कॅथलिक लोकांवर त्यांचा राग होता. त्याच्या आदल्याच वर्षी सगळ्या मुलांना पब्लिक शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा मतदानाने पास झाला होता, म्हणजे चर्चच्या शाळा बंदच पडल्या असत्या, तो १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. पोशाखाचा कायदा मात्र राहिला, आणि त्याची झळ पुढे पगडी बांधणाऱ्या शीख शिक्षकांना आणि हिजाब घालणाऱ्या शिक्षिकांना बसली. २०१० मध्ये विधिमंडळाने तो काढून टाकला. तेव्हा टिकली लावा, मंगळसूत्र घाला.

गणितवाली_बाई

मी रोज लावते. सहावीतली मुलं पहिल्या आठवड्यात विचारतात, मी सांगते, मग विसरतात.

पावसाळी_पोर्टलँड

थोडं वेगळं मत. सगळे एमएटीला हो म्हणतायत, पण प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी पोर्टलँड स्टेट किंवा मॉनमथच्या वेस्टर्न ऑरेगनशी ताडून बघा, लायसन्स तेच मिळणार असेल तर. आणि छोट्या खाजगी संस्थांची तब्येत पण बघा, इथली काँकॉर्डिया, लुथरन युनिव्हर्सिटी, शंभर वर्षांहून जुनी, टीचिंगच्या मास्टर्ससाठी नावाजलेली, २०२० मध्ये बंद झाली, शिकणाऱ्यांना मध्येच दुसरीकडे जागा शोधायला लागली.

पैशांसाठी फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरा, ग्रीन कार्डवर चालतो. टीच ग्रँट म्हणून आहे, वर्षाला ४००० डॉलरपर्यंत, पण त्यात अट आहे की शिक्षण झाल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या शाळेत गरजेचा विषय शिकवायचा, नाहीतर ते सगळं व्याजासकट लोन होतं. गणित आणि विज्ञान दोन्ही गरजेच्या विषयांत येतात. दरवर्षी कागद भरायला विसरू नका, तिथेच लोक अडकतात.

आणि लगेच उडी मारायची नसेल तर आधी शाळेत इन्स्ट्रक्शनल असिस्टंट म्हणून लागा, त्याला टीचिंग लायसन्स लागत नाही, फिंगरप्रिंट वगैरे होतं. एका वर्षात कळेल इथली मुलं झेपतात की नाही.

हिल्सबरोकर_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देते. भावाला ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात पाठवलंय, बीएड कॉलेजच्या ऑफिसला फोन केला तर माझ्या वेळच्याच एक मॅडम आता तिथे प्रिन्सिपल आहेत, त्यांना पाठांचा तपशील देणारं पत्र हवंय म्हटल्यावर म्हणाल्या तुझी पाठाची वही अजून असेल तर फोटो पाठव, त्यावरून लिहिते. वही आईकडे माळ्यावर निघाली! चाळीस पाठ आहेत, प्रत्येकाखाली निरीक्षकांचा शेरा.

सासूबाईंना सावित्रीबाईंचं आणि फॅरारबाईंचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, तुझे क्लास संध्याकाळी असतील तर मुलांच्या जेवणाचं मी बघते, पण मला मायक्रोवेव्ह नीट शिकव आधी.

तळेगावचे दादा, एक शेवटचं, त्या पत्रावर प्रत्येक पाठाची तारीख लागते की एकूण आठवडे लिहिले तरी चालतं?

तळेगावचा_दादा

एकूण आठवडे, एकूण पाठ, कुठल्या इयत्ता, कुठली शाळा, आणि प्रिन्सिपलची सही-शिक्का. वहीची स्कॅन कॉपी स्वतःजवळ ठेवा, मागितली तरच द्या. पत्र इंग्रजीतच घ्या, नाहीतर भाषांतराचा वेगळा खर्च.