पश्चिमेची गॅलरी आणि नागपूरचं ऊन: मोगरा लावावा की जास्वंद?

बेसा_तिसरा_मजला

नमस्कार. बेसा भागात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेला तोंड असलेली गॅलरी आहे. दुपारी १ पासून दिवस मावळेपर्यंत थेट ऊन, समोर कसलाच आडोसा नाही. स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी पूर्वेला आहे, तिथे साधारण ११ पर्यंत ऊन असतं. दोन्हीकडे एकेका मोठ्या कुंडीपुरतीच जागा. पूजेला रोज फूल लागतं म्हणून जास्वंद हवी आणि आईला मोगरा हवा. पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर धरतो. नर्सरीत विचारलं तर दोन्ही झाडांना "काही करावं लागत नाही" असंच सांगतात. कुठलं झाड कुठे ठेवू? आणि दोघांना माती, पाणी, खत एकसारखं दिलं तर चालेल का?

कुंडी_कुदळ

ताई, मोगरा पश्चिमेला, जास्वंद पूर्वेला. यात फार विचार करायचं कारण नाही. मोगऱ्याचा बहरच मुळात उन्हाळ्याचा. दिवसाला ५-६ तास कडक ऊन मिळालं नाही तर तो पानं काढत बसतो, कळी धरत नाही. पूर्वेच्या चार तासांत मोगऱ्याच्या नुसत्या लांब फांद्या वाढतील.

जास्वंदीचं उलटं. पान मोठं आणि मऊ, त्यातून पाणी झपाट्याने उडतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, हवा कोरडी, त्यात पश्चिमेची झळ. कुंडीतली मुळं तेवढं पाणी ओढून पुरवू शकत नाहीत. मग झाड आधी कळ्या टाकतं, नंतर पानं. माती ओली असूनही दुपारी पानं लोंबतात ती यामुळेच, आणि अशा वेळी घाबरून आणखी पाणी ओतलं की मुळं कुजतात. संध्याकाळी पानं आपोआप सावरली तर पाणी कमी नाही, ऊन जास्त आहे असं समजा.

कुंडी मोगऱ्याला १२ इंची पुरते, जास्वंदीला १४ ते १६ इंची घ्या. दोन्ही कुंड्या थेट फरशीवर नकोत, खाली दोन विटा द्या. फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते आणि तळाची मुळं भाजतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला पश्चिमेच्या बाजूने ओलं पोतं गुंडाळलं तरी बराच फरक पडतो.

माती: आपली नुसती काळी माती कुंडीत घालू नका. सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण खूश, आतला गोळा कोरडाच. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. जास्वंदीला यात थोडं कोकोपीट चालतं, मोगऱ्याला गरज नाही. नर्सरीतून आणलेलं रोप चिकट मातीच्या गोळ्यात असेल तर तो गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करा आणि मग लावा. नाहीतर नव्या मातीत पाणी राहतं, गोळ्यात शिरत नाही. आणि लावायचं ते जुलैत किंवा फेब्रुवारीत. मे महिन्यात फुलं बघून झाड घेऊ नका.

पाणी मेमध्ये मोगऱ्याला सकाळी ७ च्या आत दीड-दोन लिटर. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पुन्हा. जास्वंदीला सकाळ-संध्याकाळ मिळून ३-४ लिटर. पाइपातलं पहिलं पाणी तापलेलं असतं, ते आधी बादलीत काढून घ्या.

गावरान_लाल

वरचं बहुतेक पटलं, पण जास्वंदीला सरसकट नाजूक ठरवू नका ना भाऊ. जी हातभर फुलाची, पिवळी-केशरी संकरित जात नर्सरीत मिळते ती नाजूक. तिची बरीच रोपं कलमी असतात, मुळाचा पसारा कमी. पाच पाकळ्यांची गावरान लाल जास्वंद नागपुरातल्या जुन्या घरांच्या कुंपणाला वर्षानुवर्षं उभी आहे, मे महिन्यातही. तिची फुलं उन्हाळ्यात लहान होतात, पण झाड मरत नाही. पूजेला तीच हवी असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. जुलैत पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, ६-८ इंचांची काडी ओळखीच्या घरून आणा. खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली तिरका घ्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढून टाका. वाळू आणि शेणखत निम्मं-निम्मं घेऊन त्यात दोन डोळे गाडले जातील इतकं खोचा, सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. तोवर उपटून बघायचं नाही.

संकरितच आवडत असेल तर मात्र पूर्वेची बाल्कनी, आणि एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत निम्मं ऊन अडवणारी, ५० टक्क्यांची हिरवी जाळी. ७५ टक्क्यांची नको, कळ्या धरणारच नाहीत.

छाटणी_कात्री

छाटणीबद्दल कोणी बोललं नाही, आणि मोगऱ्याची अर्धी तक्रार तिथेच असते. नवीन फुटव्याच्या शेंड्याला कळी येते. जुन्या काड्या तशाच राहिल्या तर फुलं दोन-चार. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडीने वाढ थांबते, म्हणून छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याआधी दहा-बारा दिवस पाणी निम्म्यावर आणा. मग सगळं झाड अर्ध्या उंचीवर कापा, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढा, उरलेली पानंही ओरबाडून टाका. बघायला वाईट दिसतं, दिसू द्या. वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत मिसळा आणि भरपूर पाणी. मार्चमध्ये कळ्या दिसू लागतात. एक बहर ओसरला की फुलं आलेल्या फांदीची दोन पेरं कापायची, पुढचा फुटवा तिथूनच. अधूनमधून एखादी फांदी वेलासारखी हातभर लांब जाते आणि कळी धरत नाही, ती खुशाल निम्म्यावर कापा.

जास्वंदीवर अशी कुऱ्हाड चालवू नका. फेब्रुवारीत आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एक-तृतीयांश, बस. एप्रिल-मेमध्ये कात्री लावली तर कोवळा फुटवा उन्हाने जळतो.

खतही वेगळं. जास्वंद खादाड. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा जुलै ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत. हाडांचा चुरा आणि डीएपी तिला देऊ नका. त्यातला फॉस्फरस (स्फुरद) साचला की लोह आणि जस्त मिळेनासं होतं. मोगऱ्याला पाण्यासारखं नत्र दिलं तर झाड हिरवंगार आणि फूल शून्य. त्याला फेब्रुवारीतलं शेणखत आणि कळी धरताना ००:००:५० (नुसतं पालाश) लिटरला २ ग्रॅम, दोनदा, पुरे. मेच्या शेवटी नवतपा (सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो, तेव्हा दोन्ही झाडांचं खत बंद.

बेसा_तिसरा_मजला

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. शेजारच्या काकूंच्या जास्वंदीची नवी पानं पिवळी पडून राहिली, त्यांचंही पाणी बोअरचंच. त्यांनी राख टाकायला सांगितली. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना टाकलं तर चालेल का? शिवाय काकूंच्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात.

कुंडी_कुदळ

राख अजिबात नको. आपली माती आधीच चुनखडीची, पाणी जड, राखेने ती आणखी विम्लधर्मी होते. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता आहे. संत्र्याच्या बागांतही हेच दुखणं दिसतं. लोह मातीत असतं, झाडाला घेता येत नाही. फेरस सल्फेट ३ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेल्या प्रकारचं. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या मातीत लवकर निकामी होतं. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर हा इलाज लागू नाही, तिथे नत्र किंवा पाण्याचा निचरा बघा.

कूलरचं उरलेलं पाणी टाकू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, म्हणजे बोअरचंच पाणी आणखी जड झालेलं. एसीच्या नळीचं पाणी मात्र जवळजवळ क्षाररहित असतं, ते साठवून दोन्ही झाडांना द्या. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढा आणि दोन-चार जोराचे पाऊस कुंडीतून आरपार जाऊ द्या, साचलेले क्षार धुऊन निघतात.

कीड_बघा_आधी

गळलेली कळी फेकू नका, नखाने उभी फोडा. आत तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरट-पिवळ्या अळ्या वळवळत असतील तर ती कळीमाशी. ती मोगऱ्यावरही येते, तिथे कळी बुडाशी फुगते आणि जांभळट पडते. अळी पुढे मातीत जाऊन कोष करते, म्हणून गळलेल्या आणि पिवळ्या कळ्या रोज वेचून घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात ठेवायच्या, कंपोस्टमध्ये नाही. हे दोन-तीन आठवडे नेमाने केलं तर फवारणीची गरज फारशी उरत नाही. कळी आतून स्वच्छ असेल तर कारण ऊन किंवा पाण्याची हेळसांड.

पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. जास्वंद कापूस आणि भेंडीच्याच कुळातली, त्यामुळे कपाशीवरचा पिठ्या तिच्यावर आरामात राहतो. रिकाम्या प्लॉटमधल्या गाजरगवतावरही तो असतो. मुंग्या त्याला खोडावरून वर नेतात, म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडा. भरलेला शेंडा कापून टाका, बाकी पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा. मग निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण २ मिली एका लिटरला, आठवड्याने एकदा असे तीन वेळा, पानांच्या मागून. दिवसा ३५ च्या वर असेल तर तेल फवारू नका, पानं करपतात.

मोगऱ्याच्या पानांवर एप्रिल-मेमध्ये बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. त्याला कोरडी हवा मानवते. सकाळी सकाळी पानांची मागची बाजू पाण्याने धुत राहा, चार-पाच दिवस सलग.