यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क, तरी स्पीड ३८ एमबीच का?

कृष्णाकाठ_फोटो:
लग्नाच्या शूटिंगचा बॅकअप २ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेतो. डिस्क यूएसबी ३.० ची, लॅपटॉपचं पोर्टही निळं. तरी कॉपी सेकंदाला ३५ ते ३८ एमबीच्या वर सरकत नाही. २५० जीबीचं एक लग्न म्हणजे जवळजवळ दोन तास! दुकानदार थंडरबोल्टची (यूएसबीहून वेगवान जोडणीची) डिस्क घ्या म्हणतोय. सीझन तोंडावर आलाय, खर्च करण्याआधी रोज वापरणाऱ्यांचे खरे आकडे हवेत.

जुना_एडिटर:
इतक्यात काही घेऊ नका. ३५-३८ म्हटलं की समजायचं, काम जुन्या, संथ यूएसबी २.० वर चाललंय. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हातात पडतात ३० ते ४०. फायरवायर ४०० ही तेव्हाची दुसरी जोडणी कागदावर त्याहून कमी, पण मोठ्या फाइलींना प्रत्यक्षात सरस असायचं, कारण यूएसबीत बराचसा भार कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पडायचा. फायरवायर ८०० वर तर मी ७०-८० घेत होतो. तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

तुमच्या डिस्कला रुंद, मध्ये खाच असलेलं सॉकेट आहे का? त्याच्या मोठ्या भागात मोबाईलची जुनी मायक्रो केबल घट्ट बसते. डिस्क सुरू होते, एरर येत नाही. पण ३.० च्या पिना शेजारच्या छोट्या भागात असतात आणि तो रिकामाच राहतो. केबलचं टोक बघून सांगा.

कृष्णाकाठ_फोटो:
दादा, केबल मोबाईलचीच निघाली! भावाच्या डिस्कची रुंद तोंडाची लावली, थेट ११८. फक्त आता डिस्क भरत आली तसा आकडा ७० वर उतरलाय. पोर्टचा दोष का?

जुना_एडिटर:
पोर्ट ठणठणीत आहे. हार्ड डिस्क साधारणपणे तिच्यातल्या फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून भरत आत जाते. फेरे तेवढेच, पण आतलं वर्तुळ लहान, त्यामुळे एका फेऱ्यात हेडखालून (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखालून) डेटा कमी जातो. याच ३.० पोर्टावर चांगली एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) ४०० च्या पुढे जाते. म्हणजे अडतंय ते तबकडीपाशी. हीच डिस्क थंडरबोल्टच्या डब्यात घातलीत तरी ११८ चे १२५ होणार नाहीत.

रील_ते_रॉ:
कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून थेट डिस्कवर टाकत असाल तर कार्डही बघा. यूएचएस-१ या वेगाच्या प्रकारातल्या कार्डाची मर्यादाच १०४ एमबी, मला ९० च्या आसपास मिळतात. तिथे एसएसडी लावूनही फरक पडत नाही. आणि प्रीव्ह्यूच्या हजारो बारक्या फाइली असल्या की हार्ड डिस्क पार रडते. मी तो फोल्डर आधी झिप करते, मगच हलवते.

जुना_एडिटर:
ताईंचं झिपचं अगदी खरं. पैसे घालायचेच असतील तर चालू कामासाठी १ टीबीची यूएसबी एसएसडी घ्या, ही डिस्क साठवणीला राहू द्या. एसएसडीला मात्र तिच्यासोबत आलेलीच केबल लावा. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबलींमधून डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने जातो, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.