मदत हवी आहे: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं 'मेड इन जपान' कोणतं घेऊ?
मंडळी, मूळ लाइव्ह अल्बममध्ये ऑगस्ट १९७२ च्या ओसाका आणि टोकियोतल्या मैफलींच्या तीन रात्रींमधून निवडलेली सातच गाणी आहेत. पुढे १९९३ मध्ये तिन्ही रात्री जवळपास पूर्ण देणारा तीन सीडींचा संच आला, २०१४ मध्ये आणखी मोठा. 'चाइल्ड इन टाइम' या गाण्यातली गायक गिलनची किंकाळी आणि जॉन लॉर्डचा गुरगुरणारा ऑर्गन रोज किती बदलायचा, हेच मला ऐकायचंय. स्टुडिओतलं त्यापुढे मिळमिळीत वाटतं (भांडू नका, हे माझं मत!). ज्यांनी ऐकलंय त्यांनी सांगा: रात्रीरात्रीत खरंच फरक जाणवतो का? आणि नव्या मिक्समध्ये ड्रम्सचा दणका टिकलाय का? रेकॉर्ड प्लेअर नाही, त्यामुळे सीडीच हवी.