अनुभव धागा : ‘आडनाव काय म्हणालात?’

संगममाहुली
गेल्या आठवड्यात साताऱ्यातील आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे ठरले आणि एजंटाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, कोण चालेल आणि कोण चालणार नाही, तेवढे सांगून ठेवा.’’ अनामत, भाडे, पाण्याची वेळ हे सारे नंतर. मी ‘उद्या कळवते’ म्हणून फोन ठेवला, कारण १९९६ साली सांगलीत विश्रामबागेला खोली शोधत हिंडणारी मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली होती. एका काकूंनी तेव्हा मला खोली दाखवली, चहा केला, भाडेही ठरले. निघताना त्यांनी आडनाव विचारले आणि मग त्यांना आठवले, की त्यांचा पुतण्या शिकायला येणार आहे. त्या दारावरची ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे दोन महिने मी कॉलेजला जाता-येता वाचत होते.

आता पाटी माझ्या दारावर आहे. आपल्या घरात कोणाला घ्यावे, कोणाशी संबंध ठेवावेत, हे ठरवण्याचा हक्क माझा आहे असे मला मनापासून वाटते. पण काकूंनाही तसेच वाटत असणार. आपले अनुभव लिहावेत. नकार दिलेल्यांचेही चालतील.

वारणाकाठ
तो पुतण्या आमच्याही वाट्याला आला आहे, अजून त्याचे शिक्षण संपलेले दिसत नाही. मिरजेत आम्हाला ‘शाकाहारी आहात ना?’ असे विचारले होते. आम्ही खरोखरच माळकरी आहोत असे सांगितल्यावर घरमालकांचा चेहरा पडला, कारण दुसरे कारण त्यांनी तयार ठेवले नव्हते.

द्राक्षबाग_तासगाव
मी नकार देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. आमची बारा जणींची भिशी एकोणीस वर्षे चालू आहे. गल्लीत नव्याने आलेल्या एका वहिनींना आम्ही घेतले नाही, तेव्हा त्यांनी ‘तुम्ही भेदभाव करता’ असे तोंडावर सुनावले. महिने बारा आणि नावे बारा, एवढेच कारण होते. प्रत्येक नकाराला भेदभाव म्हणू लागलो, तर माणसाला चार मैत्रिणीही निवडता येणार नाहीत, असे मला आजही वाटते. मात्र पुढे एक जागा रिकामी झाली, तेव्हा आम्ही त्यांना न विचारता माझ्या नणंदेला घेतले. आणि त्या वहिनी संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही कोणाकडे दिसत नाहीत, हे आत्ता लिहिता लिहिताच लक्षात आले.

वारणाकाठ
@द्राक्षबाग, नणंदेला घेतले हे सक्तीचे होते, त्याला निवड म्हणत नाहीत.

कोर्टाची_पायरी
जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. राज्यघटनेत दोन्ही गोष्टी आहेत. अनुच्छेद १९ संघटना काढण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १५ सांगतो, की दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट येथे धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. भिशी पहिल्यात बसते, चहाचे हॉटेल दुसऱ्यात. घरे मधल्या खाचेत अडकतात. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेची ‘सभासद पारशीच हवा’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पहिल्याच स्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवली. मला तो निकाल पटत नाही. एका संस्थेने दार लावले तर माणूस पुढच्या दाराशी जातो, पण गावातील सगळ्या संस्थांनी हीच अट घातली तर त्याने कोठे राहावे, हा प्रश्न उरतोच.

माणदेशी_गडी
वकीलसाहेब, सगळी दारे एकदम लागतात तेव्हा काय होते, ते आम्ही पाहिले आहे. चुलतभावाने जातीबाहेर लग्न केले. ‘वाळीत टाकले’ असे कोणी म्हटले नाही. दुकानात साखर संपलेली असे, गिरणीचा पट्टा नेमका आम्ही गेल्यावर तुटलेला असे. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला भावाचे कारखान्यातले मित्र आले. जाब विचारला तर उत्तर मिळे, ‘‘कोणाशी बोलायचे ही ज्याची त्याची मर्जी.’’ मर्जी असती तर आमच्याशी बोलणाऱ्याला दंड कशाला ठेवला असता? एक चुलती रात्री मागच्या दाराने दुधाचा तांब्या ठेवून जात असे. आमच्याशी संबंध ठेवावेत ही तिची मर्जी होती आणि ती तिला अंधारात सांभाळावी लागे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमचे प्रकरण त्याच्या आधीचे.

संगममाहुली
तांब्याचे वाचून गलबलून आले. त्या चुलती आहेत का अजून?

माणदेशी_गडी
आहेत. आता पुढच्या दाराने येतात आणि दूध आमच्याकडून नेतात.

मसूर_स्टेशन
आमच्या गावचे स्टेशन ज्या प्रसंगामुळे लोकांना ठाऊक आहे, तो येथे आठवला. १९०१ साली बाबासाहेब आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूरला उतरली. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. गाडी त्याची, बैल त्याचे, कोणाला बसवावे ही मर्जीही त्याचीच म्हणता येईल. पण दुप्पट पैशांना त्याची काही हरकत नव्हती, याचे मला लहानपणापासून नवल वाटते.

शाहू_बोर्डिंगचा_नातू
माझे आजोबा साताऱ्यात कर्मवीरांच्या शाहू बोर्डिंगमध्ये शिकले. तेथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. सुट्टीला घरी आले, की पणजी त्यांना ओसरीवरच थांबवून अंगावर गोमूत्र शिंपडत असे. ‘‘बोर्डिंगात मला मित्र मिळाले आणि घरात मीच बाटलो,’’ असे ते हसून सांगत. कोणाजवळ बसावे हे त्यांनी ठरवले होते, आणि त्यांच्या आईला ते मान्य नव्हते.

द्राक्षबाग_तासगाव
त्या वहिनींना आज संध्याकाळी चहाला बोलावले आहे. भिशीचे अजून बोललेले नाही, एक जागा वाढवायची तर महिने तेरा कोठून आणायचे, हा प्रश्न आहेच.

संगममाहुली
सकाळी एजंटाला फोन केला. भाडे पाच तारखेच्या आत आणि रात्री अकरानंतर फाटकाला कुलूप, या दोन अटी सांगितल्या. त्याने लिहून घेतल्या, थोडा वेळ गप्प राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘ते झालं ताई. पण तरी, म्हणजे, कोण?’’