मदत हवी आहे: तारण (पापातून सुटका) विश्वासाने, मग आज्ञापालनाचं काय?

प्रभूच्या नावाने सलाम. मी नवापूर तालुक्यातला. प्रार्थनासभेत मावशींनी विचारलं, "शनिवारी कापूस वेचायला गेले तर माझं तारण जाईल का रे?" शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस) पाळलाच पाहिजे, असं कुणीतरी सांगून गेलंय. आता मावशी शनिवारची मजुरी बुडवतात, आणि हे बघवत नाही.

बायबलमधलं इफिस 2:8-9 स्पष्ट आहे: कृपेनेच तारण, कर्मांनी नव्हे. प्रेषितांची कृत्ये 15 मध्येही परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती केली नाही. पण याकोब 2:24 म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे. आणि मत्तय 7:21 म्हणतो, नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणणारा नव्हे, तर पित्याच्या इच्छेप्रमाणे करणाराच स्वर्गाच्या राज्यात जाईल; तिथे तर मी अडतोच.

आज्ञापालन तारणाची अट की त्याचं फळ? फळ म्हणावं, तर शब्बाथाच्या आज्ञेचं मावशींना काय सांगू? पाळकांनी, अभ्यासकांनी वचनासह सांगावं, ही कळकळीची विनंती.