जास्तीचे पैसे नेमके कशाचे? महागड्या लॅपटॉपांचा अनुभव धागा

वर्तुळाबाहेर (धागाकर्ता)

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की "अमुक कंपनीचा घे, डोळे झाकून" असा सल्ला मिळतो, आणि गडबड तिथेच होते. कंपनी एकच, पण मालिका वेगळ्या. लेनोवोचा आयडियापॅड आणि थिंकपॅड, डेलचा इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड, एचपीचा साधा १५ आणि एलिटबुक यांच्या आतली बांधणी एकमेकांशी जुळत नाही. थिंकपॅडमध्येसुद्धा ई मालिका वेगळी, टी वेगळी, एक्स१ आणखी वेगळी. त्यात डेलने २०२५मध्ये लॅटिट्यूड हे नाव काढून डेल प्रो आणलं, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ वाढलाच.

तेव्हा इथे लिहिताना मालिका आणि पिढी जरूर लिहा. काय बिघडतं, का बिघडतं, कोणत्या गोष्टीला जास्त पैसे मोजणं वसूल होतं आणि कोणत्या गोष्टीला नाही, हे हवं आहे. "माझा सात वर्षं मस्त चाललाय" याचा इतरांना उपयोग नाही.

पेचकस

दुरुस्तीच्या टेबलावर स्वस्त मॉडेलं येतात ती मुख्यतः बिजागरीपायी. प्रोसेसर क्वचितच मरतो, हिंज मात्र हमखास.

कारण बांधणीत आहे. हिंजची पोलादी पट्टी तीन-चार बारीक स्क्रूंनी बॉडीत बसवलेली असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बॉडी प्लास्टिकची. त्या प्लास्टिकच्या खुंटीत पितळी नट गरम करून दाबलेला असतो आणि स्क्रू त्यात जातो. हिंज मुळात कडक, वापराने त्यातलं ग्रीस सुकून आणखी कडक होतो. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ त्याच बाजूच्या खुंटीवर येतो. खुंटी फुटते, नट सुटतो आणि पट्टी बॉडीला आतून उचकटायला लागते. तिथूनच डिस्प्लेची केबल जाते. ती चिरडली की आधी स्क्रीन लुकलुकते, मग रेघा, मग काळोख. म्हणजे किरकोळ खुंटीचं काम पाहता पाहता पॅनलच्या खर्चापर्यंत जातं.

पहिली खूण म्हणजे उघडताना 'कट्' असा आवाज आणि कोपऱ्यात नखाएवढी फट. ती दिसली की झाकणाची उघडझाप थांबवा, बाहेरचा मॉनिटर जोडून काम चालवा. दुरुस्ती करताना आधी हिंजवरचा नट पाव-पाव फेऱ्याने सैल करायचा, झाकण एका बोटाने हलेल पण आपोआप पडणार नाही इतका. मग पितळी नट दोन भागांच्या इपॉक्सीने परत बसवायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. फेव्हिक्विक ओतू नका. ते ठिसूळ, पहिल्याच झटक्याला तडकतं, आणि नटाच्या आट्यांत शिरलं तर स्क्रूसुद्धा जाम. तुकडेच उडाले असतील तर पूर्ण पामरेस्ट (मनगट टेकतो तो कीबोर्डभोवतीचा भाग) किंवा वरचं कव्हर बदलणं बरं.

महागड्या बिझनेस मालिकांमध्ये हीच पट्टी बहुधा मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत कसलेली असते. जास्तीच्या पैशातला मोठा भाग मला तरी इथेच दिसतो.

दुसरं कीबोर्ड. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत कीबोर्ड वरच्या पत्र्याला डझनावारी प्लास्टिकच्या टिकल्या वितळवून चिकटवलेला असतो. चार बटणं गेली तरी बॅटरी, मदरबोर्ड, पंखा सगळं उतरवायचं, टिकल्या छाटायच्या आणि नवा कीबोर्ड परत वितळवून बसवायचा. जुन्या टी मालिकेत तो वरच्या बाजूने निघतो, मदरबोर्डला हात लावायची गरज नाही.

पण महाग म्हणजे दुरुस्तीला सोपा, असं कोणी समजू नये. २०१७च्या पहिल्या सरफेस लॅपटॉपला आयफिक्सिट या यंत्रं उघडून तपासणाऱ्या साइटने दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते, कारण कापडाचा कीबोर्ड फाडल्याशिवाय तो उघडतच नव्हता. २०१५ ते २०१९च्या मॅकबुकांतला बटरफ्लाय (अतिशय पातळ बटणांचा) कीबोर्ड तर प्रसिद्धच आहे. बटणाखाली कण गेला की बटण अडकायचं किंवा एकाची दोन अक्षरं उमटायची. ॲपलला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

वॅटमीटर

लोक प्रोसेसरचं नाव वाचून पैसे देतात. तोच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत दोन वेगांनी चालतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

उदाहरण घ्या. इंटेलच्या आय५-१२३५यूची मूळ शक्ती १५ वॅट आणि थोड्या वेळापुरती ५५ वॅटपर्यंत. सतत किती वॅट खाऊ द्यायचे हे लॅपटॉपवाली कंपनी तिचा पंखा आणि तांब्याची नळी बघून ठरवते. कुणी १५वर बांधतं, कुणी २५वर. तपासायला एचडब्ल्यूइन्फो (आतले आकडे दाखवणारं) आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं) ही दोन फुकट सॉफ्टवेअर पुरतात. चार्जर लावून सिनेबेंच सलग १० मिनिटं चालवा आणि 'सीपीयू पॅकेज पॉवर' हा आकडा बघत राहा. पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आकडा विसरा, शेवटच्या पाच मिनिटांतला खरा. या परीक्षेत अतिशय पातळ, महागडा लॅपटॉप जाडजूड मध्यम किमतीच्या लॅपटॉपकडून सपाटून हरतो, असं बरेचदा होतं. एकाचे पैसे वजन कमी करायला गेलेले असतात, दुसऱ्याचे पंख्याला.

रॅमचीही अशीच गंमत. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर मेमरी एका रस्त्याने चालते आणि इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स विंडोजमध्ये नुसतं 'यूएचडी' म्हणून दिसतं, वेगही तसाच. दुसरी पट्टी टाकली की तेच ग्राफिक्स आयरिस एक्सई होतं. त्यामुळे आत मोकळा स्लॉट असलेला ८ जीबीचा लॅपटॉप चालेल, पण सगळी रॅम सोल्डर केलेला (बोर्डवर कायमची डकवलेला) ८ जीबीचा लॅपटॉप कितीही देखणा असला तरी २०२५नंतर घेऊ नये.

स्क्रीनवर मात्र पैसे जरूर टाका. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स' (पहिला आकडा रंगांच्या व्याप्तीचा, दुसरा उजेडाचा) असं लिहिलेलं असेल तर लाल रंग विटकरी दिसणार आणि खिडकीपाशी बसलात की अक्षरं पुसट. '१०० टक्के एसआरजीबी, ३०० किंवा ४०० निट्स' हे शब्द शोधा. यासाठी सर्वात वरची मालिका घ्यावी लागत नाही. पण एकाच मॉडेलात दोन-तीन पॅनलं येतात आणि दुकानात शोभेला ठेवलेला चांगला असतो, खोक्यातला नेमका हलका. म्हणून पूर्ण पार्ट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

बॅटरीला साधा भागाकार. वेब आणि वर्ड चालू असताना लॅपटॉप साधारण ७ वॅट खात असेल तर ४२ वॅट-अवरची बॅटरी ६ तास चालणार, ५६ची ८ तास. '१२ तास बॅटरी' या जाहिरातीऐवजी वॅट-अवर विचारा.

सर्व्हररूम

ऑफिससाठी घेताना यंत्रापेक्षा करार आधी वाचावा.

घरगुती मालिकेला साधारण एक वर्षाची वॉरंटी, कधी ऑनसाइट (इंजिनिअर आपल्याकडे येतो), कधी 'घेऊन या' प्रकारची. बिझनेस मालिकेला तीन वर्षं ऑनसाइट मिळते किंवा घेताना वाढवता येते. त्यात 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी' हे शब्द असतात, पण तो दिवस फोनवर दोष निश्चित झाल्यानंतर मोजतात, तेही सेवा असलेल्या शहरात. तालुक्याच्या गावी इंजिनिअर जिल्ह्याहून येतो, दोन-तीन दिवस धरूनच चाला. आणि लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षं असली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्ष असते. तीन वर्षांची बॅटरी वॉरंटी वेगळी विकत मिळते, ती खरेदीच्या वेळीच घासाघीस करून घ्या.

लेनोवो आणि डेल आपल्या बिझनेस मालिकांची दुरुस्ती-पुस्तिका साइटवर खुली ठेवतात. कोणता स्क्रू आधी, त्याची लांबी किती, कोणती केबल कशी सोडवायची, सगळं चित्रांसकट. तीन वर्षं संपल्यावर गल्लीतल्या माणसाकडूनही काम नीट होतं ते या पुस्तिकेमुळे.

'एमआयएल-एसटीडी-८१०एच पास' या शिक्क्याला फार भाव देऊ नका. ती अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणी-पद्धत आहे. प्रमाणपत्र देणारी वेगळी संस्था नाही, कंपनी तिच्यातल्या सोयीच्या चाचण्या स्वतः निवडते.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावे आणि जीएसटी नंबरासह घ्या. १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं आणि स्वस्त-महागातला प्रत्यक्ष फरक तेवढा खाली येतो.

अर्धं सफरचंद

मॅकबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा मॅक आला आणि किमतीचा वाद बराचसा फिरला. बॅटरीवर असतानाही वेग उतरत नाही आणि मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, म्हणजे धूळ साफ करायचं कामही नाही. तोटा असा की तासभर व्हिडिओ एक्सपोर्ट लावला तर एअर तापून हळू होतो, त्या कामाला पंखा असलेला प्रो.

रॅम आणि साठवण दोन्ही नंतर वाढत नाहीत, ऑर्डर करतानाच ठरवायचं. ऑक्टोबर २०२४पासून एअरची सुरुवातच १६ जीबीपासून आहे. बाजारात स्वस्तात मिळणारे एम१ आणि एम२ बहुतेक ८ जीबीचे असतात. २५६ जीबीच्या एम२ एअरमध्ये साठवणुकीची चिप एकच असल्याने फाइल वाचणं-लिहिणं एम१पेक्षाही हळू, हे ध्यानात ठेवा.

चार्ज करताना मनगटाला मुंग्या येतात अशी तक्रार धातूच्या सगळ्याच लॅपटॉपांत ऐकू येते. दोन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंग नसतं, गळतीचा सूक्ष्म प्रवाह बॉडीवर येतो. ॲपलच्या ॲडॅप्टरला तीन पिनांची लांब केबल लावली की थांबतं, अर्थात भिंतीतलं अर्थिंग खरं असेल तर!

टॅलीवाला

मॅकवर टॅली थेट चालत नाही. एम मालिकेत बूट कॅम्पही (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) नाही, म्हणजे पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन त्यात आर्म विंडोज (अशा चिपसाठीचं वेगळं विंडोज) चालवायचं, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर तिथे कुरकुरतो. हिशेबाच्या कामाला एलिटबुक किंवा थिंकपॅड ई. विषय संपला.

मांडवीकाठ

गोवा-कोकणातल्या लोकांसाठी भर. खाऱ्या दमट हवेत पंख्याने ओढलेली धूळ कोरडी राहत नाही, चिकट थर होऊन हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत बसते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मागचं झाकण उघडून पंखा एका बोटाने धरून ब्रशने साफ करा. न धरता ब्लोअर मारलात तर पंखा भरमसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. यूएसबी आणि हेडफोनच्या भोकांत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर ते गंज आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. आणि पावसाळ्यात लॅपटॉप महिनाभर बंद बॅगेत ठेवू नका, त्यापेक्षा रोज चालू केलेला बरा, स्वतःच्या उबेनेच कोरडा राहतो. इथे महाग-स्वस्त असा भेद नाही.

जुना बाजार

एवढे पैसे नवीनवर घालायचेच कशाला? कंपन्यांनी तीन-चार वर्षांनी काढलेले टी मालिकेचे थिंकपॅड आणि ७००० मालिकेचे लॅटिट्यूड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला ढिगाने असतात. पेचकस म्हणाले ती धातूची चौकट तिथे नव्या प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा कमी पैशात मिळते. फक्त पुढच्या गोष्टी दुकानात उभं राहूनच बघायच्या.

प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज १०ची नेहमीची मोफत अद्ययावतं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि ११ला सातवी पिढी अधिकृतपणे चालत नाही. म्हणून टी४७० स्वस्त पडला तरी सोडा, टी४८० बघा.

चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला तर लॅपटॉप तिथेच ठेवा. मग विंडोज रीसेट करून वायफाय जोडा. सुरुवातीच्या पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव आलं तर तो अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. मॅकमध्ये याच जागी 'रिमोट मॅनेजमेंट' दिसतं. विकणारा "ते काढून देतो" म्हणेल. काढल्यावर बोला म्हणावं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत कापून घ्या. टी४८०मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक बाहेर काढता येणारी, दोन्हीचे आकडे बघा.

टी४८०चं आणखी एक. त्याचं चार्जिंग यूएसबी-सीवर आहे. त्या पोर्टच्या थंडरबोल्ट चिपचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं राहिलं तर ते पोर्ट अचानक मरू शकतं, लेनोवोने त्यासाठी अपडेट काढलेलं आहे. घरी आणल्याबरोबर आधी ते टाका, वॉलपेपर नंतर.

वर्तुळाबाहेर

सगळ्यांचे आभार. सर्व्हररूम, एक शंका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की साइटवर दिसते त्या तारखेपासून? सिरियल नंबर टाकला की बरेचदा दोन-तीन महिने आधीच सुरू झालेली दिसते.

सर्व्हररूम

लॅपटॉप कारखान्यातून किंवा वितरकाकडून निघाला ती तारीख आपोआप लागते. घेतल्यावर लगेच साइटवर नोंदणी करून बिलाची प्रत चढवा, तारीख बिलाप्रमाणे दुरुस्त होते. बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा, हाताने लिहिलेला चालेलच याची खात्री नाही. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्या, संपल्यावर घ्यायला गेलात तर आधी तपासणी, तिचे पैसे वेगळे.