चँगला टाळ्या आमच्याकडून

कुणीतरी म्हटलंय की 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेतला सहावा चित्रपट (१९९१) म्हणजे म्हाताऱ्या नटांचा निरोप समारंभ, बाकी त्यात राम नाही. नाही पटलं ब्वा. प्रॅक्सिस नावाच्या चंद्रावर स्फोट होतो, क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांच्या साम्राज्याकडे जेमतेम ५० वर्षं उरतात आणि त्यांना शत्रूशी, म्हणजे माणसांच्या बाजूशी, बोलणी करावी लागतात. १९८६चं चेर्नोबिल आणि मोडकळीला आलेला सोव्हिएत संघ आठवतोच. त्यात नायक कॅप्टन कर्क क्लिंगॉनांनी केलेल्या मुलाच्या खुनाचा डूख धरून बसलेला. या जुन्या संचाच्या शेवटच्या चित्रपटात नायकाला इतकं कोत्या मनाचं दाखवायला हिंमत लागते.

उठसूट शेक्सपिअर फेकणारा क्लिंगॉन जनरल चँग काहींना अति वाटला. आम्ही पडलो विष्णुदास भाव्यांच्या सांगलीचे, असला खलनायक इथं टाळ्याच घेणार! बोलणी उधळायचा कट करणारे फार लवकर ओळखू येतात, हे मात्र मान्य. आणि कर्कचा सहकारी स्पॉक (दुसऱ्याचं मन वाचू शकणारा) कटातल्या व्हॅलेरिसच्या मनात जबरदस्तीनं शिरतो तो प्रसंग मला आजही खुपतो.

शेवटी पडद्यावर सातही मुख्य नटांच्या सह्या उमटतात. नाटकात असतं ना भरतवाक्य, तसं. आमचे दादा तेव्हा विश्रामबागेतल्या घरात टीव्हीसमोर चक्क उठून उभे राहिले होते, हातात चहाचा कप तसाच.